दाराची किल्ली : जुन्या चर्चच्या नव्या वापराविषयी

१८९० साली पुण्यात काही मंडळी चहा प्यायली आणि शहर हादरले. पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानाचे बोलावणे होते. व्याख्यान संपल्यावर चहा-बिस्किटे पुढे आली. कोणी प्यायले, कोणी पेल्याला नुसता हात लावला, कोणी तो तसाच खाली ठेवला. पाहुण्यांत न्यायमूर्ती रानडे होते, टिळक होते. गोपाळराव जोशी यांनी बातमी फोडली, नावे छापून आली आणि ग्रामण्य उभे राहिले. पुढे रानड्यांनी प्रायश्चित्त घेतले. त्या दिवसांत घरातल्या माणसांच्या मनाची काय अवस्था झाली, हे रमाबाई रानड्यांच्या आठवणींत वाचायला मिळते. मराठी वाचकाला ही हकिगत नवी नाही. आपण ती समाजसुधारणेच्या इतिहासात वाचतो. मला मात्र गेली काही वर्षे ती एका वेगळ्याच विषयाच्या संदर्भात आठवत राहिली आहे. तो विषय म्हणजे इमारती.

मुलीकडे लंडनला गेलो असताना वेस्ट हॅम्पस्टेड भागातल्या सेंट जेम्स चर्चमध्ये मी चहा प्यायलो. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातले हे लाल विटांचे चर्च आहे. २०१४ साली त्याच्या आत पोस्ट ऑफिस सुरू झाले. सोबत उपाहारगृह आले आणि लहान मुलांना खेळायला मऊ गाद्यांचा एक मोठा पिंजराही. तीस वर्षे टपाल खात्यात काउंटरच्या मागे काढलेल्या माणसाला वेदीपासून काही पावलांवर पार्सल तोलताना पाहून काय वाटले असेल, याची कल्पना वाचकांनी करावी. आधी हसू आले. मग जरा अवघडलो. मग लक्षात आले की अवघडलेला तिथे मी एकटाच आहे. एक आजी पाकिटावर तिकीट लावत होत्या, दोन मुले ओरडत होती, आणि रविवारी याच छपराखाली उपासना होणार होती. चर्च बंद पडलेले नव्हते. बंद पडू नये म्हणूनच हे सारे चालले होते.

वास्तुशास्त्राचे किंवा इतिहासाचे माझे रीतसर शिक्षण नाही. वाचत, विचारत आणि पाहत गेलो, त्यातून जे हाती लागले ते इथे मांडतो आहे. प्रश्न साधा आहे. जुने चर्च नव्या कामाला लावले म्हणजे ते वाचले, असे केव्हा म्हणायचे? भिंती उभ्या राहिल्या, खिडक्यांची रंगीत काच शाबूत राहिली, एवढे पुरेसे आहे का?

१

फिलिप लार्किन या इंग्रज कवीची 'चर्च गोइंग' ही कविता १९५५ सालच्या 'द लेस डिसीव्ह्ड' या संग्रहात आहे. सायकलवरून जाणारा एक माणूस वाटेत थांबतो, रिकाम्या चर्चमध्ये डोकावतो, थोडा रेंगाळतो आणि विचार करू लागतो की लोक इथे यायचे थांबले तर या इमारतींचे काय होईल. कवितेतल्या माणसाची श्रद्धा नाही, तरी त्याचा पाय तिथून निघत नाही. या कवितेचा विचार बहुधा श्रद्धा आणि संशय यांच्या अंगाने होतो, ते योग्यही आहे. पण तिच्यातला प्रश्न अगदी व्यवहारातलाही होता. युद्धानंतरच्या इंग्लंडमध्ये लोक उपनगरांकडे सरकत होते, जुन्या वस्त्या ओस पडत होत्या आणि छपरे गळत होती.

तेरा वर्षांनी, १९६८ साली, या प्रश्नाला कायद्याने उत्तर दिले. चर्च ऑफ इंग्लंडच्या 'पास्टोरल मेझर'ने चर्च बंद करण्याची पद्धत ठरवून दिली आणि १९६९ साली अशा निवडक इमारती सांभाळण्यासाठी एक निधी उभा राहिला. त्यात सरकारचाही वाटा होता. आज ती संस्था 'चर्चेस कॉन्झर्व्हेशन ट्रस्ट' या नावाने ओळखली जाते आणि तिच्याकडे साडेतीनशेहून अधिक चर्च आहेत. चर्च ऑफ इंग्लंडची एकूण चर्च सुमारे सोळा हजार. त्यांतली बारा हजारांहून अधिक कायद्याने संरक्षित वारसा-इमारतींच्या यादीत आहेत. म्हणजे तिथल्या जवळजवळ प्रत्येक गावात एक संरक्षित इमारत आहे, आणि तिची डागडुजी करायची जबाबदारी बहुतेक वेळा रविवारी जमणाऱ्या वीस-तीस वयस्क माणसांवर आहे.

१९६८ च्या कायद्याने अशा इमारतींसाठी 'रिडंडंट' हा शब्द वापरला. गिरणीतून कामगार कमी करताना तिकडे हाच शब्द वापरतात. गरज उरली नाही, कामावरून कमी केले. पुढे अधिकृत भाषेतून तो मागे पडला आणि 'उपासनेसाठी बंद झालेले' असा शब्दप्रयोग आला. मला हा बदल नुसता शिष्टाचाराचा वाटत नाही. एका कामासाठी बंद झाले म्हणजे सगळ्याच कामांसाठी नकोसे झाले असे नाही, हे भाषेने उशिरा का होईना मान्य केले.

२

चर्चमध्ये पोस्ट, चर्चमध्ये उपाहारगृह असे म्हटले की पहिली प्रतिक्रिया पावित्र्याची येते. ही जागा प्रार्थनेची, इथे व्यवहार कशाला? पण इतिहासात थोडे मागे गेले की ही प्रतिक्रियाच तुलनेने नवी ठरते.

मध्ययुगीन इंग्लंडमधल्या चर्चचे ढोबळ दोन भाग असत. पूर्वेकडे वेदीचा भाग, तो पुरोहिताचा. त्याच्या पश्चिमेला लांब-रुंद दालन, ते गावाचे. ही वाटणी दुरुस्तीच्या जबाबदारीतही होती. वेदीकडचे छप्पर धर्माधिकाऱ्याने राखायचे आणि दालनाचे गावकऱ्यांनी. आपल्या देवळाच्या भाषेत सांगायचे तर एक गाभारा आणि एक सभामंडप. त्या दालनात प्रारंभी बाकही नव्हते. लोक उभे राहत, थकलेले भिंतीलगतच्या दगडी कट्ट्यावर टेकत. गावाच्या सभा तिथे होत, तंटे ऐकले जात, मुलांना अक्षरे शिकवली जात. चर्चच्या खर्चासाठी दारू गाळून ती विकण्याचा सार्वजनिक उत्सवही असे, आणि कित्येक ठिकाणी तो चर्चच्या आवारात किंवा दालनात होई. आवारातला बाजार इतका बोकाळला की १२८५ सालच्या विंचेस्टरच्या कायद्याने त्यावर बंदी घालावी लागली. बंदी घालावी लागते, याचा अर्थ ती गोष्ट सर्रास चालत होती. या सगळ्याचा हिशेब ठेवायला गावकऱ्यांनी निवडलेले चर्च-वॉर्डन असत. पैशाची पेटी आणि वस्तूंचा ताबा यांचा जाब गाव त्यांनाच विचारी.

आपला सभामंडप असाच होता आणि कित्येक गावांत अजून आहे. पारायण तिथे, कीर्तन तिथे, गावकीची बैठक तिथे, वारकऱ्यांचा मुक्काम तिथे, पावसाळ्यात गळक्या शाळेचा वर्गही तिथेच. त्यामुळे देवळात जागा झाडून पंगत मांडणाऱ्या माणसाला चर्चमधला चहा कळायला अवघड जाऊ नये.

मग इंग्रजांच्या चर्चमधले दालन बंदिस्त कसे झाले? बाक आले. आधी मोजके आले, धर्मसुधारणेनंतर प्रवचनाला महत्त्व आले तसे सर्वत्र आले. त्यानंतर बाकांना दारे लागली आणि दारांना कुलपे. श्रीमंत कुटुंबे आपली जागा भाड्याने घेऊ लागली. गरीब मागे किंवा कडेला. १८१८ साली चर्च बांधणीला मदत करणारी एक संस्था निघाली. तिचा भर 'फुकट जागा' वाढवण्यावर होता. देवाच्या घरात फुकट जागा मिळावी यासाठी चळवळ करावी लागली, हे वाक्य मराठी वाचकाला परके वाटणार नाही. पुढे एकोणिसाव्या शतकात मोठ्या प्रमाणावर जीर्णोद्धार झाले आणि एकसारख्या बाकांच्या रांगा जमिनीला ठोकल्या गेल्या. आज 'आमच्या पूर्वजांचे बाक काढू नका' म्हणून जे भांडण होते, त्यातले पुष्कळसे बाक दीडशे वर्षांचे असतात आणि इमारत सातशे वर्षांची.

तेव्हा दालन पुन्हा मोकळे करणे ही मोडतोडच असते असे नाही. काही वेळा तो खरा जीर्णोद्धार असतो. हेरफर्ड शहरातल्या ऑल सेंट्स या मध्ययुगीन चर्चमध्ये १९९७ पासून पश्चिमेच्या बाजूला उपाहारगृह चालते आणि पूर्वेकडे उपासनाही चालते. गाभारा गाभाऱ्याच्या जागी, मंडप मंडपाच्या जागी.

३

या मताला एक भारदस्त विरोधक आहे आणि त्याला टाळून पुढे जाणे प्रामाणिक होणार नाही. तो म्हणजे विल्यम मॉरिस.

१८७७ साली ट्यूक्सबरीच्या मठ-चर्चचा जीर्णोद्धार होणार, हे कळल्यावर मॉरिसने जुन्या इमारतींच्या रक्षणासाठी एक संस्था काढली. जीर्णोद्धाराच्या नावाखाली इमारतीचे वय खरवडून काढू नका, गळती थांबवा, आधार द्या, रोजची निगा राखा, हे त्याचे सांगणे. इथवर त्याच्याशी कोणाचे भांडण नाही. पण संस्थेच्या जाहीरनाम्यात तो आणखी पुढे जातो. जुनी इमारत आजच्या वापराला गैरसोयीची झाली असेल, तर तिच्यात बदल करू नका, दुसरी बांधा, असे तो म्हणतो.

मॉरिसचा राग मी समजू शकतो. आपल्याकडे हेमाडपंती देवळाला ऑइलपेंट फासलेला आणि गाभाऱ्याला बाथरूमच्या टाइल्स बसवलेल्या ज्याने पाहिल्या आहेत, त्याला तो समजावून सांगावा लागत नाही. तरीही त्याचा सल्ला मला अर्धाच पटतो. रोजची निगा राखायची, पण ती राखायला माणूस रोज यावा लागतो. पन्हाळीत पाने अडकली आहेत हे वारसा-अधिकाऱ्याला वर्षाने कळते. दररोज चहा करणाऱ्या बाईला पहिल्याच पावसात कळते. ज्या इमारतीत कोणी येत नाही, तिच्या छपरावरचे शिसे चोर उचलून नेतात आणि पुढच्या दोन पावसांत तुळया कुजतात. इंग्लंडमध्ये जुनी चर्च टिकवणाऱ्या संस्था आज कशासाठी अनुदान देतात हे पाहिले तर गंमत वाटते. मनोरे आणि छपरे तर आहेतच, पण त्यांच्या बरोबरीने दोन गोष्टी येतात : स्वच्छतागृह आणि छोटे स्वयंपाकघर. शेकडो वर्षे उभ्या असलेल्या इमारतीचे पुढचे आयुष्य एका नळावर आणि एका संडासावर अवलंबून असावे, हे ऐकायला बरे वाटत नाही, पण खरे आहे.

बदल किती करावा याचीही मोजपट्टी लागते. चर्च ऑफ इंग्लंडच्या इमारतींत आतले बदल करायचे तर चर्चच्याच न्यायालयांची परवानगी लागते. डर्बीशरमधल्या डफील्ड गावच्या मंडळींना वेदीसमोरचा एकोणिसाव्या शतकाअखेरचा लाकडी पडदा हलवायचा होता. हा वाद २०१२ साली वरच्या न्यायालयात गेला आणि परवानगी मिळाली. त्या निकालात न्यायालयाने प्रश्नांची जी मालिका घालून दिली, ती आज अशा प्रत्येक प्रकरणात विचारली जाते. बदलाने इमारतीच्या महत्त्वाला बाधा येते का? येत असेल तर किती? बदलाची गरज किती पटण्याजोगी आहे? आणि लोकांचा होणारा लाभ त्या हानीपेक्षा मोठा आहे का? मला यातला शेवटचा प्रश्न सर्वांत मोलाचा वाटतो. हानी मोठी, तर लाभही तेवढाच मोठा दाखवा, असे तो सांगतो. मॉरिसची भीती त्यात सामावलेली आहे आणि माणसांची गरजही.

४

आता तीन इमारती पाहू.

ब्रिस्टल शहरातले सेंट पॉल्स अठराव्या शतकाच्या शेवटच्या दशकातले. १९८८ साली ते बंद झाले, २००० साली ट्रस्टकडे आले आणि २००५ पासून तिथे सर्कसचे शिक्षण देणारी संस्था आहे. चर्चमध्ये सर्कस, ही गोष्ट चेष्टेची वाटते. पण झुल्याला उंची लागते, आणि शहरात एवढी उंच, खांबांच्या मधे मोकळी जागा दुसरी कुठे मिळणार? इमारतीचा जो गुण नव्या वापराला अडचणीचा ठरतो, म्हणजे तापवायला महाग आणि भरायला अशक्य अशी उंची, तोच इथे कामी आला. वापर निवडताना इमारतीलाच विचारले, म्हणून हे जमले.

बोल्टनचे ऑल सोल्स १८८१ चे, कापसाच्या गिरण्यांच्या पैशातून गिरणीकामगारांच्या वस्तीत उभे राहिलेले. मधे एकही खांब नसलेले त्याचे प्रचंड दालन प्रसिद्ध आहे. गिरण्या गेल्या, वस्ती बदलली. भोवताली दक्षिण आशियातून आलेली कुटुंबे राहू लागली, त्यांत मुसलमान मोठ्या संख्येने. १९८६ साली चर्च बंद झाले. ट्रस्टने ते ताब्यात घेतले, तरी वर्षानुवर्षे तोडफोड होत राहिली. ते पुन्हा उघडावे यासाठी ज्याने पुढाकार घेतला तो त्याच वस्तीतला एक मुसलमान तरुण होता. २०१४ च्या डिसेंबरमध्ये सुमारे एकोणपन्नास लाख पौंड खर्चून ते लोकांसाठी खुले झाले. वास्तुविशारदांनी दालनात मजले असलेले दोन स्वतंत्र कक्ष उभे केले, जुन्या भिंतींचा आधार न घेता. उद्या कोणाला नको झाले तर ते काढून नेता येतील आणि भिंतीला खूण राहणार नाही.

तिसरी इमारत नेदरलँड्समधल्या मास्ट्रिखटची, डॉमिनिकन संन्याशांचे तेराव्या शतकातले चर्च. १७९४ साली फ्रेंच सैन्याने शहर घेतले आणि चर्चचे चर्चपण संपले. पुढची दोनशे वर्षे ते गोदाम होते, आणि सायकली ठेवायची जागाही होते. २००६ साली तिथे पुस्तकांचे दुकान आले. दालनाच्या एका अंगाला पोलादी मजल्यांचे उंच कपाट उभे केले आणि दुसरे अंग जमिनीपासून कमानींपर्यंत रिकामे सोडले. त्यामुळे पुस्तकांच्या जिन्यावरून माणूस छताजवळच्या जुन्या चित्रांपाशी पोहोचतो आणि खाली उभ्या माणसाला पूर्ण उंचीही दिसते. याची छायाचित्रे जगभर फिरली. त्यापेक्षा महत्त्वाची गोष्ट २०१४ साली घडली. दुकान चालवणारी मोठी कंपनी बुडाली, तेव्हा तिथल्या कर्मचाऱ्यांनी लोकांकडून वर्गणी गोळा केली आणि दुकान स्वतःच्या हाती घेतले. गावाला ते आपले वाटत होते की नाही, याची परीक्षा त्या वर्षी झाली.

या तिन्हींच्या शेजारी आणखी एक प्रकार ठेवतो, नाव न घेता, कारण तो शेकड्यांनी आहे : चर्चची आलिशान घरे करणे. बाहेरून दगड धुऊन स्वच्छ, मनोऱ्यावर दिवा, वारसा-खात्याची पाटी. छायाचित्रात हे सर्वांत सुंदर दिसते. पण दालनाचे मजले पाडून तुकडे झालेले असतात, वेदीच्या जागी कोणाचे तरी न्हाणीघर असते आणि दाराला आकडे दाबायचे कुलूप असते. इमारत पाडली जाण्यापेक्षा हे बरे, हे मला मान्य आहे. पण गावाने सातशे वर्षे वर्गणी काढून राखलेले दालन शेवटी चार कुटुंबांचे झाले. दगड वाचला, जागा गेली.

म्हणून सुरुवातीच्या प्रश्नाला माझे उत्तर असे : काही विकत न घेता, ओळख न सांगता, आपण आत जाऊ शकतो का? जाऊ शकत असू, तर चर्च वाचले. आत सर्कस असो, पुस्तके असोत की पोस्टाची पेटी.

५

हे उत्तर इतके सोपे असते तर लेख इथेच संपवला असता. पण दार उघडे असणे ही गोष्ट इतिहासात कधीच सोपी नव्हती. ज्या मध्ययुगीन दालनाचे मी कौतुक केले, त्या इंग्लंडने १२९० साली सगळ्या ज्यूंना देशाबाहेर काढले होते. आपला सभामंडप पारायणाला मोकळा होता, पण चोखोबा पायरीशीच राहिले. काळारामाच्या दारासाठी १९३० साली डॉ. आंबेडकरांना सत्याग्रह करावा लागला आणि पंढरपूरसाठी साने गुरुजींना १९४७ साली उपोषण. 'गावाचे' या शब्दात गावातले सगळे कधीच नव्हते.

दुसरी अडचण मालकी बदलण्याची. लंडनच्या ब्रिक लेनवर १७४३ साली फ्रान्समधून परागंदा झालेल्या प्रोटेस्टंटांनी बांधलेले एक प्रार्थनागृह आहे. १८१९ पासून ते मेथडिस्टांकडे होते, शतकाच्या अखेरीस पूर्व युरोपातून आलेल्या ज्यूंचे सिनेगॉग झाले आणि १९७६ पासून ती मशीद आहे. माणूस म्हणजे सावली, अशा आशयाचे लॅटिन शब्द कोरलेले जुने सूर्यघड्याळ अजून भिंतीवर आहे. ते काढावे असे कोणाला वाटलेले नाही. वेस्ट केन्सिंग्टनमधले भारतीय विद्या भवनही पूर्वीच्या चर्चमध्येच आहे. तिथे भरतनाट्यम्‌चे आणि संस्कृतचे वर्ग भरतात. हे सगळे खरेदी-विक्रीने, राजीखुशीने झाले.

आपल्याकडचा हिशेब वेगळा आहे. गोव्यात सोळाव्या शतकात देवळे पाडली गेली आणि मंगेशाला कुठ्ठाळी सोडून प्रियोळला जावे लागले. १७३९ साली चिमाजीअप्पांनी वसई घेतली, तेव्हा तिथल्या चर्चच्या घंटा मराठी सरदारांनी देवळांत नेल्या. गोदाकाठची प्रसिद्ध नारोशंकराची घंटा त्यांपैकीच, तिच्यावर १७२१ हे साल आहे. त्याही वस्तू 'पुन्हा वापरात' आल्या. त्यांचा नाद आजही गोड आहे. पण कोणी दिल्या नव्हत्या, घेतल्या होत्या. प्रार्थनास्थळ बदलते म्हटल्यावर आपल्या मनात पहिली आठवण येते ती घेण्याची, देण्याची नव्हे. प्रार्थनास्थळांचे १५ ऑगस्ट १९४७ चे स्वरूप कायम राखावे, असा कायदा १९९१ साली करावा लागला तो यामुळेच.

६

हे मला पुस्तकातून कळले नाही. ते एका माणसाने शिकवले.

नगर जिल्ह्यात अमेरिकन मराठी मिशनचे काम १८३१ पासूनचे. त्या परंपरेतली लहान-मोठी चर्च गावोगावी आहेत. अशाच एका गावी दगडी भिंतींचे, कौलारू छपराचे एक चर्च मी अधूनमधून पाहायला जातो. गावातली वीस-बावीस कुटुंबे ते चालवतात. रविवारी पेटी-तबल्यावर 'उपासना संगीता'तली पदे म्हणतात. नारायण वामन टिळकांची पदे तिथल्या म्हाताऱ्यांना पाठ आहेत. छप्पर दोन ठिकाणी गळते. आठवड्याचे सहा दिवस दाराला कुलूप असते.

लंडनहून परतल्यावर मी उत्साहात होतो. मंडळीतल्या सर्वांत वडीलधाऱ्यांकडे गेलो. ते मिशनच्या शाळेतले निवृत्त शिक्षक, सगळे गाव त्यांना गुरुजी म्हणते. मी त्यांना सगळे सांगितले : पोस्ट, सर्कस, पुस्तकांचे दुकान. म्हटले, "गुरुजी, गावातली पोरे स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासाला जागा नाही म्हणून एसटी स्टँडवर बसतात. सहा दिवस इथे अभ्यासिका चालवू. पोरांच्या फीतून आणि वर्गणीतून छप्पर होईल. रविवार तुमचाच."

गुरुजींनी सगळे शांतपणे ऐकून घेतले. मग म्हणाले, "कल्पना चांगली आहे. पोरे आपलीच आहेत. पण मला सांगा, किल्ली कोणाकडे राहणार?"

मी म्हटले, "तुमच्याकडे."

"आज माझ्याकडे. मी गेल्यावर? आम्ही बावीस घरे. उद्या कोणी म्हणाले, इथे रोज आम्ही बसतो, ही जागा आमचीच, तर आम्ही कोणाकडे जायचे? तिकडचे चर्च राणीचे होते हो. त्यांना दार उघडायला भीती कशाची?"

माझ्याकडे उत्तर नव्हते. अख्खी मोजपट्टी मी पाहुण्याच्या बाजूने तयार केली होती : मला आत जाता येते का? गुरुजींनी ती यजमानाच्या बाजूने धरली. दार उघडायचे कोणी, आणि उघडल्यावर ते आपलेच राहील याची खात्री त्याला कोणी द्यायची? इंग्लंडमध्ये दार उघडणारा चर्च हा देशाचा अधिकृत धर्म आहे. त्याची इमारत ओस पडली तरी त्याची मालकी डळमळत नाही. त्याच्यामागे कायदा आहे, न्यायालय आहे, ट्रस्ट आहे. बोल्टनमध्ये मुसलमान तरुण चर्च उघडायला पुढे आला याचे मला अप्रूप वाटले होते. पण तोही सुरक्षित होता, कारण ते चर्च हिसकावल्याचा आळ त्याच्यावर येणार नव्हता. जागा ट्रस्टची होती आणि ट्रस्टचीच राहणार होती. औदार्याला अशा भक्कम कागदाचा आधार लागतो, हे माझ्या तीस वर्षांच्या नोकरीनेही मला शिकवायला हवे होते. पोस्टात लोक पैसे ठेवतात ते पासबुकावर शिक्का असतो म्हणून.

तेव्हा माझी मोजपट्टी मी मागे घेत नाही, पण तिला दुसरे टोक जोडतो. जुने चर्च वाचले असे केव्हा म्हणायचे? परक्याला विनासायास आत येता येते तेव्हा, आणि त्याला आत घेताना घरच्याला धास्ती वाटत नाही तेव्हा. यातले एकच टोक असेल तर एका बाजूला बंद दार उरते आणि दुसऱ्या बाजूला गमावलेले घर. वास्तुविशारद भिंतीला धक्का न लावता कक्ष उभारू शकतो. दुसऱ्या टोकाचे काम त्याचे नाही, ते शेजाऱ्यांचे आहे. आपल्याकडे ते बहुसंख्य शेजाऱ्यांचे आहे.

पंचहौदाच्या चहाकडे मी आता याच नजरेने पाहतो. त्या दिवशी धोका पाहुण्यांनी पत्करला होता. घर यजमानाचे होते आणि राज्यही यजमानाच्या देशाचे होते. आज तिथले पवित्र नाम देवालय आणि त्याचा उंच मनोरा गुरुवार पेठेत उभा आहे, मराठी मंडळी तिथे उपासना करतात, आणि तिथे चहा प्यायल्याबद्दल कोणी प्रायश्चित्त मागणार नाही. पण यजमान आणि पाहुणा यांच्या जागा मात्र बदलल्या आहेत. धोका आता दार उघडणाऱ्याला आहे.

गुरुजींशी बोलणे थांबलेले नाही. आम्ही एका वकिलाकडून कच्चा करार लिहून घेतला आहे : मालकी मंडळीची, मुदत अकरा महिन्यांची, देखरेख समितीत मंडळीचे बहुमत, आणि किल्ल्या दोन. त्यांतली एक अभ्यासिकेतल्या पोरांनी आळीपाळीने सांभाळायची. गुरुजींनी बाकी सगळ्या कलमांवर होकाराची खूण केली आहे. दुसऱ्या किल्लीच्या कलमापुढे त्यांनी पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढून ठेवले आहे. ते पुसायची मला घाई नाही.